शिल्लक सर्व्हिसिंग

खरं सांगू? मला नानांचा राग येतो. आजही येतो. सोसायटीत कुणालाही विचारा, विश्वनाथ पाटणकर म्हणजे देवमाणूस. असतील हो! पण देवमाणसाशी संसार करणाऱ्या बाईचं काय होतं ते मी वरच्या मजल्यावरून रोज बघत होते. मी वृंदा. नोएडातल्या एका कापडाच्या फॅक्टरीत हिशेब बघते, तोंडानं फटकळ आहे, आणि नानांना त्यांच्या तोंडावर बोललेलीही आहे. उपयोग शून्य. पालथ्या घड्यावर पाणी.

नानांची सगळी नोकरी दिल्लीत, कस्तुरबा गांधी मार्गावरच्या बराकीतल्या एका सरकारी कचेरीत गेली. भांडार विभाग. म्हणजे टाचणीपासून टेबलापर्यंत सगळं यांच्या ताब्यात, आणि ताब्यातली वस्तू सहजासहजी कुणाला द्यायची नाही हा यांचा धर्म. नवे पंखे आले की जुने पूर्ण मरेपर्यंत नवे कपाटात. कुणी म्हणे, की पाटणकरसाहेब निवृत्त झाले तेव्हा भांडारात इतकं कोरं सामान निघालं की नव्या साहेबांना वाटलं, चुकून दुसऱ्याच खात्याचं आलं.

रजेचंही तेच. हक्काची रजा यांनी कधी घेतलीच नाही. ताप आला तरी गोळी गिळून हजर. यांच्या बायकोच्या, म्हणजे कुसुमकाकूंच्या, वडिलांचे दिवस पुण्यात होते तेव्हा काकू एकट्या गेल्या, हे नाहीत. "रजा साठवायची असते," म्हणायचे. आणि गंमत अशी, की सरकारनं यांचं खरं केलं. निवृत्त होताना सगळ्या शिल्लक रजेचे पैसे एकरकमी हातात दिले. जे उडाणटप्पू दर उन्हाळ्यात मसुरीला गेले ते कोरडे राहिले आणि नानांना मात्र गाडी घेता आली. आता अशा माणसाला तुम्ही काय सांगणार, की बाबा रे, साठवू नकोस म्हणून?

पण गाडीकडे यायच्या आधी काकूंचा वर्ग सांगितला पाहिजे, कारण सगळं त्याच्यासाठीच होतं.

पाटणकरांचं सरकारी क्वार्टर गोल मार्केटजवळ होतं. आसपास बरीच मराठी घरं. पोरं दिल्लीत वाढलेली, घरात मराठी ऐकायची आणि बोलायची मात्र "मम्मी, भूक लगी है." काकू शनिवारी दुपारी त्यांना अंगणात गोळा करायच्या. पाटी नाही, पुस्तक नाही. समोर शेंगांचं सूप ठेवायचं आणि सोलायला बसवायचं. हात चालू, तोंड चालू. पोरगं म्हणालं, "काकू, छिलका कुठं टाकू?" की काकू रागवायच्या नाहीत. "टरफल इथं टाक हं राजा," म्हणायच्या, आणि पुढच्या वेळी पोरगं टरफल म्हणायचं. इतकंच. असं वर्षानुवर्षं. आता नोकरीला लागलेली, लग्न झालेली माणसं येऊन सांगतात, मला मराठी आली ती काकूंच्या शेंगांवर. मी स्वतः नागपूरची, पण माझी निधी दिल्लीत जन्मली. तिच्या तोंडी "उंबरठा" हा शब्द मी ऐकला तेव्हा मला रडूच आलं होतं. तो मी शिकवलेला नव्हता.

नानांनी नोएडात सेक्टर चौतीसमध्ये फ्लॅट घेतला. तेव्हा इकडं होतं काय? रुंद रस्ते, त्यांवर धूळ, आणि बाजारात दोन किराणावाले. काकूंनी एकच अट घातली. त्या फ्लॅट बघायला आल्या तेव्हा मी समोर होते, वरचा फ्लॅट आमचाच. त्या म्हणाल्या, "अहो, येते मी. पण माझा शनिवार सुटता कामा नये. हेमांगीनं शाळेतली खोली मिळवून दिलीय वर्गासाठी. तुम्ही मला दर शनिवारी नेणार असाल तर येते." हेमांगी म्हणजे काकूंच्याच हाताखालून गेलेली मुलगी. लग्न होऊन तिथंच गोल मार्केटला राहत होती आणि तिची दोन्ही मुलं आता वर्गाला यायची.

नाना म्हणाले, "त्यासाठीच तर गाडी घेतोय."

आणि ते खरं होतं. या माणसाचं प्रेम खोटं नव्हतं. तेच तर दुखतं.

पंच्याण्णवच्या पाडव्याला गाडी आली. पांढरी, छोटी, नव्यानंच इथं आलेल्या एका कंपनीची. नारळ फुटला, काकूंनी कुंकवानं स्वस्तिक काढलं, सोसायटीतल्या पंजाबी बायकांनी लाडू मागितले. सीटवरचं प्लास्टिक मात्र नानांनी काढलं नाही. दिल्लीचा उन्हाळा, त्यात प्लास्टिक! निधीच्या पायांना चिकटायचं, ती उठताना अगं आई गं करून ओरडायची. मी म्हटलं, "नाना, ते काढा की आता!" तर म्हणाले, "खालचं कापड खराब होईल." म्हटलं, "मग ते कापड वापरायचं कधी?" त्यावर नुसते हसले.

सेवा तर अशी, की विचारू नका. सकाळी आंघोळ झाली की आधी देवाला आणि मग गाडीला फडकं. कव्हर काढायचं, चोक ओढायचा, इंजिन सुरू करायचं आणि जागच्या जागी घरघर घरघर चालू ठेवायचं. धूर सगळा आमच्या स्वयंपाकघरात. "बॅटरी उतरू नये म्हणून," असं त्यांचं म्हणणं. मग बंद करायची, परत पुसायची, परत कव्हर. गाडी हलायची ती फक्त शनिवारी. निजामुद्दीनच्या पुलावरून इतकी सावकाश, की निधी म्हणायची, "मम्मी, आज आपल्याला दूधवाल्या सायकलनं ओव्हरटेक केलं." नानांना त्याचं काही नाही. नवं इंजिन आहे, त्याला त्रास द्यायचा नाही.

गाडीबरोबर कंपनीनं मोफत सर्व्हिसिंगची कूपनं दिली होती. पहिलं महिन्याभरात, दुसरं त्यानंतर, तिसरं त्याच्यापुढं, अशी. गाडी घेऊन जायची, कूपन फाडून द्यायचं, ते तेल बदलून देणार, तपासून देणार. वॉरंटी वर्षाची. महिना झाला. काकूंनीच आठवण केली, "अहो, ते सर्व्हिसिंगचं काय?"

मी ताक न्यायला खाली गेले होते, म्हणून माझ्या कानांनी ऐकलं. नाना म्हणाले, "गाडीला काय धाड भरलीय? सुंदर चालतेय. चांगल्या गाडीवर फुकटचं कूपन उडवायचं? राहू दे शिल्लक. पुढं कधी खरंच काही बिघडलं तर हक्कानं नेता येईल."

मी म्हटलं, "नाना, कंपनीनं काही मुदत घातली असेल ना?"

"घातलीय की. हजार किलोमीटर नाही तर महिना. पण ती आपल्या सोयीसाठी असते गं. हक्क आपला. आपण तो आत्ता वापरला नाही, तर कंपनीचा फायदाच झाला. कंपनी का रागवेल?"

आता बघा, मी हिशेब लिहिणारी बाई, पण मलाही ते पटलं. आमच्या घरात स्कूटर, ती कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडं जायची. कंपनी, वॉरंटी, अटी, हे सगळं आम्हा सगळ्यांनाच नवीन होतं. आपण फुकट मिळालेली गोष्ट म्हणजे हक्क समजतो. ती न घेतल्याबद्दल शिक्षा होते हे कुणाच्या बापाला ठाऊक होतं? सरकारनं तर नानांनी रजा घेतली नाही म्हणून बक्षीस दिलं होतं!

उन्हाळा गेला, पावसाळा गेला. दर शनिवारी काकू इस्त्रीची साडी नेसून, शेंगांची पिशवी घेऊन, निधीला हाताशी धरून जायच्या. संध्याकाळी येताना चेहरा असा टवटवीत, की वाटायचं नोएडात राहत नाहीत या, नुसत्या झोपायला येतात. आणि मग दिवाळीनंतरच्या एका शनिवारी गाडी निजामुद्दीनच्या पुलावर मधोमध बंद पडली.

निधीनंच मला सगळं सांगितलं. आधी तेलाचा लाल दिवा लागला. नाना म्हणाले, दिवा खराब असेल. मग खडखड आवाज, मग धाडकन काहीतरी, आणि गाडी जी थांबली ती थांबलीच. मागून ट्रकवाल्यांच्या शिव्या. थंडीत काकू पुलाच्या कडेला तास दीड तास उभ्या. त्यांचे गुडघे आधीच गेलेले. नाना गाडीच्या टपावर हात ठेवून उभे होते म्हणे, ताप आलेल्या पोराजवळ उभं राहावं तसे.

सोमवारी मी फॅक्टरीतून अर्धी रजा घेतली आणि नानांबरोबर ओखल्याला कंपनीच्या वर्कशॉपमध्ये गेले. नाना बाहेर कुणाशी भांडू शकत नाहीत. हिंदीत तर "जी, जी" करत राहतात. म्हटलं, चला, मी आहे.

वर्कशॉप कसलं, हॉस्पिटल म्हणा. काचेची केबिन, सोफा, पाण्याचा कूलर. मॅनेजर टाय लावलेला, अगदी गोड बोलणारा. त्यानं इंजिनाचं झाकण उघडून दाखवलं. आत तेल नव्हतंच. डांबर होतं. काळं, चिकट, काकवीसारखं घट्ट. त्यानं बोटावर घेऊन दाखवलं.

"अंकल, पहली सर्विस कब कराई थी?"

आणि नानांनी काय करावं? त्यांनी हातातल्या रेक्झिनच्या पाकिटातून सगळी कूपनं काढली आणि टेबलावर मांडली. करकरीत. कोपरासुद्धा दुमडलेला नाही. चेहऱ्यावर कसला अभिमान! म्हणाले, "देखिए, एक भी नहीं लिया. सब बाकी है. अब सब मिलाकर एक साथ कर दीजिए."

मॅनेजरनं एकेक कूपन उलटून पाहिलं. मला वाटलं, हा हसणार. हसला असता तर मी त्याला तिथंच झोडपला असता. पण तो हसला नाही. त्यानं खुर्ची ओढून नानांना बसवलं आणि नीट समजावून सांगितलं. नवीन इंजिन घासतं, त्याचा बारीक चुरा पहिल्या तेलात उतरतो, म्हणून ते तेल महिन्यात काढून टाकायचंच असतं. गाडी कमी चालली तरी तेल म्हातारं होतं. आणि रोज सकाळी चोक ओढून उभ्या-उभ्या चालवली, की इंजिन पुरतं तापत नाही आणि न जळलेलं पेट्रोल तेलात उतरतं. "अंकल, चलाते तो बच जाती. खड़ी-खड़ी खराब हुई है."

नाना म्हणाले, "पर गाडी तो वॉरंटी में है."

"वॉरंटी सर्विस के साथ होती है अंकल. सर्विस टाइम पर नहीं हुई, तो वॉरंटी ख़त्म."

"पर मैंने तो आपका खर्चा बचाया!"

हे वाक्य त्यांनी इतक्या कळवळ्यानं म्हटलं की माझं डोकं फिरलं. मी उभी राहिले. म्हटलं, भाईसाहब, म्हाताऱ्या माणसानं गाडी लेकरासारखी सांभाळली, रोज पुसली, कुठं आपटली नाही, ओरखडा नाही, आणि तुम्ही म्हणता निगा राखली नाही? गाडी तुमच्या कंपनीची, तेल तुमच्या कंपनीचं, आठ महिन्यांत इंजिन बसतं आणि दोष आमचा? महिना झाल्यावर एक फोन करायला काय झालं होतं तुम्हाला? आवाज चढला, दोन-तीन माणसं काचेतून बघायला लागली. मॅनेजरनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "मैडम, मेरे हाथ में होता तो कर देता. ऊपर भेजूँगा तो ऊपर से यही आएगा." आणि खरं सांगते, तो खोटं बोलत नव्हता. समोर कुणी नालायक असला तर भांडायला हुरूप येतो. इथं कुणीच नालायक नव्हतं. नियम होता, तो लिहिलेला होता, आणि आम्ही तो वाचूनही भलताच समजलो होतो. काय करणार? पाणी प्यायलो आणि बसनं परत आलो.

मी घरी येताना म्हटलं, "नाना, खर्च करा आणि इंजिन करून घ्या. काकूंचा वर्ग आहे."

नाना म्हणाले, "छे छे. आत्ता इंजिन उघडलं तर आपली बाजू गेली. आधी निवेदन करू. वर एखादा तरी समजूतदार अधिकारी असेल."

निवेदन! पस्तीस वर्षं लोकांची निवेदनं यांच्या टेबलावर येऊन पडत होती, आणि त्यांचं काय होतं हे यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? पण नाही. घरातला जुना टाइपरायटर निघाला. रात्रंदिवस टकटक. कंपनीच्या दिल्लीच्या ऑफिसला निवेदन, मुख्य ऑफिसला प्रत. उत्तर नाही. मग स्मरणपत्र. मग स्मरणपत्राचं स्मरणपत्र. मी विचारलं की म्हणायचे, "प्रकरण विचाराधीन आहे." गाडी ओखल्याच्या आवारात उघड्यावर, धूळ खात. त्यांची मुलगी अक्षता भोपाळहून फोन करायची, "बाबा, ग्राहक मंचात जा." एक वकीलही गाठला. त्यानं अटी वाचल्या, चहा प्यायला आणि म्हणाला, केस घेतो, पण जिंकाल असं सांगून तुम्हाला फसवणार नाही.

आणि काकू? शनिवार तर दर आठवड्याला येतोच ना. तो कुणाच्या उत्तरासाठी थांबत नाही.

पहिल्या शनिवारी आम्ही त्यांना रिक्षानं न्यायचं ठरवलं. नोएडाची ऑटो यूपीची, ती दिल्लीत घुसत नाही. सीमेवर उतरवलं. तिथून दिल्लीची ऑटो करायची, तर तिथल्या ऑटोवाल्यांना गोल मार्केट नको. एक तयार झाला, त्यानं अर्ध्या वाटेत गाडी बिघडली म्हणून सोडलं. काकू पोचल्या तेव्हा मुलं घरी निघाली होती. पुढच्या शनिवारी बस. दिल्लीची ती खासगी ब्लूलाइन थांबते कुठं? पाय पायरीवर ठेवेपर्यंत कंडक्टरनं निघायची थाप पत्र्यावर मारली, आणि काकू घसरल्या. फार लागलं नाही, पण गुडघा सुजला आणि डॉक्टरनं बस बंद केली. टॅक्सी एकदा केली. काकूच म्हणाल्या, हे दर आठवड्याला परवडण्यासारखं नाही, आणि खरंच नव्हतं. माझ्या नवऱ्याची स्कूटर होती, पण त्या गुडघ्यानं मागे बसायचं कसं? मला शनिवारी फॅक्टरी. सोसायटीतल्या एका सरदारजींनी एकदा नेलं. रोज उठून कुणाला मागायचं? काकूंना मागता येत नाही. त्या बाबतीत दोघं नवराबायको सारखीच.

हेमांगीचा फोन यायचा, "काकू, या शनिवारी?" आणि काकू म्हणायच्या, "बघते गं. गाडीचं उत्तर यायचंय." मग हेमांगीनं स्वतः वर्ग चालवून पाहिला. दोन-तीन शनिवार मुलांना शेंगा सोलायला बसवलं. एकदा फोनवर रडली. मी तेव्हा काकूंकडेच होते, काकूंनी रिसीव्हर माझ्याही कानाला लावला. "काकू, मुलं विचारतात आणि मलाच आठवत नाही हो. मीच अर्धं हिंदी बोलते. तुम्ही शिकवलं होतं, पण मला दुसऱ्याला देता येत नाहीये." काकू नुसत्या "असू दे, असू दे" म्हणत राहिल्या.

मी तशीच आतल्या खोलीत जाऊन नानांवर अक्षरशः ओरडले. म्हटलं, तुमची बाजू राहू दे हो, तिकडं काकूंचा वर्ग हातचा चाललाय! नानांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "वृंदा, आता इतके दिवस थांबलोय. उद्या-परवा उत्तर येईल. आत्ता मागं फिरलो तर थांबलेले सगळे दिवस फुकट गेले ना?" काकूंनीच मला हाताला धरून बाजूला नेलं. "नको बोलूस त्यांना. ते झोपत नाहीत गं हल्ली," म्हणाल्या. मला इतका संताप आला होता आणि इतकं वाईटही वाटत होतं, की जिन्यात बसून रडले.

फेब्रुवारी संपता संपता उत्तर आलं. चार ओळी. कंपनीला खेद आहे. दुसऱ्याच दिवशी नानांनी मुदतठेव मोडली आणि इंजिन करायला टाकलं. आता घाई बघा! रोज ओखल्याला खेपा. सीटवरचं प्लास्टिक काढलं. मेकॅनिकच्या डोक्यावर उभे राहिले. मार्चमध्ये गाडी आली, पहिल्यासारखी झाली म्हणा, आणि शनिवारी नानांनी स्वतः शेंगा निवडून पिशवी भरली. मला म्हणाले, "आज निधीला पाठव गं. आजपासून काकूंचा एकही शनिवार चुकणार नाही." वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. पण त्यांचा तो चेहरा बघून मी तोंड आवरलं. फॅक्टरीत सांगून मीही गेले बरोबर.

शाळेची खोली गेली होती. तिथं आता शनिवारी कॉम्प्युटरचा क्लास चालत होता. दाराबाहेर चपला-बुटांचा ढीग, आत पडदे लावून थंड केलेली खोली. हेमांगीनं काकूंना आपल्या घरी बोलावलं होतं. "जमवते मी मुलांना," म्हणाली होती बिचारी. तिची दोन आणि शेजारचा एक, असे तिघं आले. निधी धरून चार. काकूंनी सूप मांडलं. मुलं बसली, दोन-चार शेंगा फोडल्या. शेजारचा मुलगा सारखा घड्याळ बघत होता. काकूंनी त्याला विचारलं, "काय रे मानस, कुठं जायचंय का?" हा मानस दिवाळीपर्यंत काकूंच्या मांडीला टेकून बसायचा. तो उठला, हात झटकले आणि म्हणाला, "आंटी, मेरी कम्प्यूटर क्लास है."

आंटी.

त्याचा काय दोष? चार महिने मुलांच्या आयुष्यात म्हणजे किती असतात! हेमांगी ओरडली त्याच्यावर, "आंटी काय, काकू म्हण!" काकू म्हणाल्या, "जाऊ दे गं त्याला, उशीर होईल." मग हेमांगीची मुलंही चुळबुळ करायला लागली, त्यांचाही क्लास तोच होता. शेवटी सुपाभोवती काकू, निधी आणि मी. खाली रस्त्यावर नाना गाडीत बसून होते. सगळं आटपेपर्यंत ते वर येत नसत, मुलांना मोकळं वाटावं म्हणून. आम्हाला इतक्या लवकर खाली आलेलं बघून ते दचकले. "काय झालं? काही राहिलं का घरी?"

काकू गाडीत बसल्या. कधी नव्हे ते त्यांचा आवाज चढला. "गाडी झाली हो तुमची चांगली. आता मला नेणार कुठं?"

नाना गाडी सुरूच करेनात. मीच मागून म्हटलं, चला नाना, घरी चला.

पुढच्या शनिवारी काकू गेल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. हेमांगीनं एक-दोनदा विचारलं, मग तिचेही फोन कमी झाले. निधीला मी घरी शिकवते, पण ती आता मला उत्तरं हिंदीतच देते.

आणि नाना! दुरुस्त केलेल्या इंजिनाला वर्कशॉपनं सहा महिन्यांची वॉरंटी दिलीय, दर महिन्याला तपासणी करून घ्यायच्या अटीवर. आता हा माणूस एक तारीख चुकवत नाही. बैल गेला आणि झोपा केला. भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल खुणा केल्यात. आदल्या दिवशी फोन, सकाळी हवा, पाणी, तेल, सगळं बघून मग निघायचं. मी एकदा चिडून म्हटलंही, "नाना, आता कशासाठी?" तर म्हणाले, "न जाणो. काकूंनी कधी म्हटलं, चला, तर गाडी तयार हवी ना?"

मे महिन्यातल्या एका शनिवारी मी फॅक्टरीतून लवकर आले. बघते तर काकू इस्त्रीची साडी नेसून, पर्स घेऊन गाडीत बसतायत! मला इतका आनंद झाला! धावत गेले. "काकू! वर्ग सुरू झाला? हेमांगीनं जमवलं?"

"नाही गं," काकू म्हणाल्या. "सर्व्हिसिंगला निघालोय."

"मग तुम्ही कशाला, एवढ्या उन्हात?"

"घरात बसून तरी काय करू? तिथं सोफा आहे, कूलर आहे. माणसं येतात-जातात, बघत बसते." मग साडीचा काठ दारात अडकू नये म्हणून आत ओढून घेत म्हणाल्या, "मागच्या खेपेला तो मॅनेजर मीटर बघून हसला. म्हणाला, आंटीजी, पिछले महीने से गाड़ी चली ही नहीं. आप लोग इसे लेकर जाते कहाँ हो? म्हटलं, यहीं आते हैं, बेटा."